नंबर लावून घ्या

पूर्वी फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं : 'धाकटीचं लग्न, वैशाख. डावीकडून तिसरी आत्या. आत्याच्या मागे अर्धा दिसतो तो आचारी.' फोटो समजायला एवढं पुरायचं. आता फोटो जन्माला येतानाच नाव घेऊन येतो आणि ते नाव 'आयएमजी-२०२५०८२९-डब्ल्यूए००४३' असलं काहीतरी असतं. त्यातलं डब्ल्यूए म्हणजे व्हॉट्सअॅप. मधली तारीख फोटो काढल्याची नव्हे, तो आपल्या फोनात येऊन पडल्याची. त्यामुळे आमच्या आजोबांचा फेटा बांधलेला कृष्णधवल फोटो, ज्यात त्यांच्या शेजारी उभा असलेला बैलसुद्धा आता हयात नाही, तो संगणकाच्या लेखी गेल्या गणपतीतला आहे.

कॅमेऱ्याची तऱ्हा आणखी निराळी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जपानी कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं की फोटोच्या नावात चार अक्षरं आणि चार अंक असावेत. म्हणून कुणाचा कॅमेरा 'डीएससी' म्हणतो, कुणाचा 'आयएमजी', आणि पुढे ०००१पासून ९९९९पर्यंत मोजत जातो. ९९९९ झालं की पुन्हा ०००१. म्हणजे लग्नात दोन फोटोग्राफर असतील तर दोघांच्याही पेनड्राइव्हमध्ये डीएससी ०००१ असू शकतो. एकाच्यात नवरदेव असतो, दुसऱ्याच्यात जिलबीचं तबक. दोन्ही एका फोल्डरमध्ये ओतले की संगणक विचारतो, कोणता ठेवू? हा प्रश्न तो वऱ्हाडी मंडळींना विचारत नाही हे बरं आहे.

हे सगळं मला कळायचं कारण म्हणजे मी आमच्या ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस आहे. बैठकीच्या वेळी ज्याच्या खिशाला पेन असतं तो चिटणीस होतो. आमचं गाव नाते. मुंबई-गोवा महामार्गावर महाडला नातेखिंडीत वळलात की रायगडाकडे जाणारा रस्ता लागतो, त्या रस्त्यावर. सहा जूनच्या राज्याभिषेक सोहळ्याला जाताना गाडी मुंगीच्या पावलानं जिथून पुढे सरकते त्यातलंच एक गाव, म्हणजे तुम्ही आम्हाला निवांत पाहिलेलं असणार.

२२ जुलै २०२१च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत जे पाणी भरलं, त्यात तिथं राहणाऱ्या आमच्या कितीतरी नातलगांच्या कपाटांतले आल्बम गेले. फोटो एकमेकांना असे चिकटले, की सोडवायला गेलं तर काकांचं नाक काकूच्या गालावर राहायचं. तेव्हापासून मंडळात घोळत होतं की जे कुणाकडे जुने फोटो उरलेत ते सगळे स्कॅन करून एका ठिकाणी ठेवायचे आणि एक स्मरणिका काढायची. ठराव एकमतानं झाला. आमच्याकडे काम कुणी करायचं हे ठरेपर्यंत सगळे ठराव एकमतानंच होतात. मग गावातून, महाडातून, पोलादपुरातून, डोंबिवली, विरार, सुरत अशा सगळीकडून फोटो यायला लागले आणि माझ्या संगणकात साडेआठशेच्या वर फाइली साठल्या. त्यांत आयएमजी होते, डीएससी होते, 'स्कॅन कॉपी' होते, 'स्कॅन कॉपी कॉपी' होते. 'आजी फायनल', 'आजी फायनल नवीन' आणि 'आजी हाच घ्या' असे एकाच आजीचे तीन होते. एका फाइलचं नाव नुसतं 'वहिनी' होतं. पाठवणाऱ्याच्या घरात सहा वहिन्या आहेत.

स्मरणिका छापणारा म्हणाला, "नंबर टाकून द्या हो. एक, दोन, तीन असे. मी तसे लावत जातो." रास्त मागणी होती. मी एकेका फाइलवर उजवं बटण दाबून नाव बदलायला सुरुवात केली. एमएस-सीआयटीत आम्हाला एवढंच शिकवलं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र मी लॅमिनेट करून ठेवलं आहे. तेवढ्यात गणपतीला म्हणून हिंजवडीहून भाचा आला. त्यानं मागं उभं राहून थोडा वेळ पाहिलं. ही आयटीतली मुलं बोलत नाहीत, नुसता श्वास सोडतात.

"मामा, सगळ्या एकदम बदलता येतात."

"कशा?"

"स्क्रिप्ट लिहायची."

आमच्याकडे स्क्रिप्ट म्हणजे नमनाची. हिच्यात गण-गवळण काही नव्हतं, तीन-चारच ओळी होत्या. त्यानं काळी खिडकी उघडली आणि टाइप करता करता वाचून दाखवलं : फॉर एफ इन स्टार डॉट जेपीजी. म्हणजे या फोल्डरातला जेवढा म्हणून जेपीजी आहे तो एकेक करून समोर आण आणि त्याला तात्पुरतं एफ म्हण. डू. म्हणजे कर. एमव्ही डॉलर एफ. म्हणजे त्याला उचल आणि या नव्या नावावर नेऊन ठेव. मग नंबर एकानं वाढव. डन. संपलं. एन्टर मारला की साडेआठशे फाइली डोळ्याची पापणी लवेपर्यंत नव्या नावानं उभ्या.

यातलं एमव्ही मला फार आवडलं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं, तेव्हाची यंत्रं टाइपरायटरसारखी खडखडत चालायची, म्हणून आज्ञा जितकी आखूड तितकी बरी. 'मूव्ह'मधली दोन अक्षरं त्यांनी काटकसरीत वाचवली. कंजूषपणाला आमच्याकडे एरवी इतकी दीर्घ कीर्ती मिळत नाही. पण खरी गंमत अशी की त्या यंत्रणेत नाव बदलण्यासाठी वेगळी आज्ञाच ठेवलेली नाही. नाव बदलणं आणि घर बदलणं एकच. एमव्हीनं जुन्या नावावरून उचलायचं आणि नव्या नावावर नेऊन ठेवायचं. आमच्या आईचं लग्नात नेमकं हेच झालं होतं, आणि तिलाही आधी कुणी विचारलं नव्हतं.

न विचारण्याची ही सवय एमव्हीला जडलेलीच आहे. नेऊन ठेवायच्या जागी आधीच कुणी बसलेला असेल, तर साधा एमव्ही त्याला पुसून टाकतो आणि नव्याला बसवतो. आरडाओरडा नाही, पंचनामा नाही. कचऱ्याच्या डब्यातही तो जुना सापडत नाही. पुढे 'डॅश आय' लिहिलं तर विचारून करतो, 'डॅश एन' लिहिलं तर बसलेल्याला हात लावत नाही. भाच्यानं डॅश एन घातलं. शिवाय एमव्हीच्या आधी त्यानं एक 'एको' शब्द घातला. एको असला की संगणक काम करत नाही, काय करणार ते नुसतं म्हणून दाखवतो. रंगीत तालीम. तालमीत सगळं नीट दिसलं की एको काढायचा आणि मग पडदा वर. ही सोय पाहून मला पहिल्यांदा असं वाटलं, की या लोकांनी कधी तरी गावच्या कार्यक्रमाचं नियोजन केलेलं असावं.

तालमीत बरंच काही निघालं. 'पालखी देवळात' अशी फाइल होती. मधली मोकळी जागा पाहून संगणकाला वाटलं, पालखी निराळी आणि देवळात निराळं. खऱ्या प्रयोगात तो तिथंच अडला असता. त्याला अवतरणचिन्हात गुंडाळून सांगावं लागतं की बाबा, पालखी देवळातच आहे.

मग शून्याचं प्रकरण. नुसते १, २, ३ असे नंबर दिले तर संगणक १ नंतर १० आणतो, मग १००, मग १०१, आणि २ बिचारा शंभर जणांच्या मागे उभा. त्याला किंमत कळत नाही, तो अक्षर पाहतो. एकानं सुरू होणारे सगळे आधी. त्यावर उपाय म्हणजे सगळ्यांना सारख्या उंचीचं करायचं : ००१, ००२, ००३. आता डावीकडच्या शून्याला किंमत नसते हे आम्हाला गुरुजींनी छडीनिशी शिकवलेलं. इथं तेच शून्य रांग सांभाळतं.

आणि तेच शून्य घातही करतं. भाच्यानं पहिल्या घाण्याचे थोडे फोटो आधी क्रमांक देऊन ठेवले होते. आता शेवटचा नंबर पाहून त्यात एक मिळवायचा आणि पुढे चालायचं, असं स्क्रिप्टला सांगितलं. ००७पर्यंत कुरकुर नाही. ००८ला यंत्र अडलं. म्हणे हा आकडाच बसत नाही. कारण काय, तर शेलमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, हिशेब करताना शून्यानं सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची धरतात, आणि त्या पद्धतीत अंक शून्य ते सात एवढेच. आठ आणि नऊ त्यांच्या गावीच नाहीत. बरं, अडला तर निदान कळतं तरी. '०१०'मध्ये एक मिळव म्हटलं तर तो अडतही नाही. ते आठ समजून शांतपणे नऊ सांगतो. एवढ्या आत्मविश्वासानं चुकीचा हिशेब मी फक्त वर्गणीच्या बाबतीत पाहिला आहे. त्यावर 'हे दशमानच समज' असं वेगळं बजावावं लागतं. भाच्यानं बजावलं.

इतकं सगळं एका दुपारी उरकलं. मग तो पोरगा चहाचा कप खाली ठेवत सहज म्हणाला, "मामा, क्रम कशावर लावू? नावावर, तारखेवर, की साइजवर?"

त्याला वाटलं हा तांत्रिक प्रश्न आहे.

नंबर देणं हे यंत्राचं काम, पण पहिला कोण हे यंत्रानं ठरवलेलं आमच्याकडे चालत नाही. महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्याला आसपासच्या गावांतून पालख्या आणि सासनकाठ्या येतात. तिथं मान ठरलेले असतात. शिमग्याच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, हे पिढ्यांमागं ठरलेलं असतं, आणि जिथं ठरलेलं नसतं तिथं भांडण पिढ्यांमागून चालत आलेलं असतं. लग्नपत्रिकेत निमंत्रकांची नावं कोणत्या क्रमानं छापायची यावरून दोन भाऊ बोलत नाहीत अशी घरं तालुक्यात शोधावी लागत नाहीत. आणि हा म्हणतो, साइजवर लावू का!

बैठक बोलावली. मुंबईकर मंडळ व्हिडिओवर होतं. तिकडून आधी पाच मिनिटं नुसता छताचा पंखा दिसला.

पहिला फोटो देवाचा, यावर एकमत झालं. पण देवाचा कोणता? सगळ्यात स्वच्छ फोटोत अध्यक्ष देवाच्या निम्म्याहून अधिक भागावर उभे होते. "तोच बरा आलाय," असं अध्यक्ष म्हणाले आणि तो ठरला. मग कुणी म्हणालं, माणसांचे फोटो वयाप्रमाणं लावा, थोरले आधी. हे सगळ्यांना पटलं आणि मी जन्मतारखा मागवल्या. आल्या त्यांतल्या अर्ध्याअधिक १ जूनच्या. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीनं टाकलेली ती तारीख. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी त्या एकाच दिवशी जन्मली आहे. सालही गुरुजींच्याच अंदाजाचं. भाच्याला विचारलं, तुझा संगणक अशा वेळी काय करतो? तो म्हणाला, तारखा सारख्या आल्या की क्रम लावणारी सॉर्ट ही आज्ञा उरलेली ओळ बघते, म्हणजे नावाच्या अक्षरावर जाते.

अक्षरावर जाणं म्हणजे आणखी एक चूल पेटवणं होतं. ज्यांची नावं इंग्रजीत होती ते सगळे आधी, मराठीत नाव लिहिणारे सगळे मागे. "मराठी माणूस इथंपण मागं," असं डोंबिवलीहून कुणीतरी म्हणालं आणि पंख्याखाली टाळ्या वाजल्या. मराठीतही बाराखडी आपली नाही. युनिकोडमध्ये क्ष म्हणजे क, मग हलन्त, मग ष. ज्ञ म्हणजे ज, हलन्त, ञ. त्यामुळे शाळेच्या हजेरीत आयुष्यभर शेवटी बसलेला ज्ञानेश्वर इथं ज बरोबर येतो, आणि त्याच्या पुढे जन्मभर असलेला हरिश्चंद्र त्याच्या मागे जातो. हरिश्चंद्राच्या घरचे नाराज झाले. खजिनदार म्हणाले, "मग वर्गणीप्रमाणं लावा. ज्याची जास्त तो आधी." यावर बैठकीत जी शांतता पसरली तिच्यात मुंबईचा पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला.

वातावरण हलकं करायला मी म्हटलं, आपल्या गावाला पहिल्या नंबराचं काय एवढं! चिंतामणराव देशमुख इथंच जन्मले, १४ जानेवारी १८९६ला. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. १९१८ला विलायतेत आयसीएसच्या परीक्षेतही पहिले. १९४३ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. सगळीकडे पहिला नंबर, आणि १९५६ला मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून मोकळे. माझा रोख 'सोडून मोकळे'वर होता. सभेनं 'पहिला नंबर' तेवढा उचलला, आणि देवानंतर चिंतामणरावांचा फोटो घालावा असं ठरलं. ते ठीकच झालं. त्यामुळे दोन नंबरचा वाद मिटला आणि सगळे तीन नंबरसाठी सरसावले.

क्रमवार नंबर द्यायचे आणि कुणाला विचारायचं नाही, हे सरकारला जमतं. २०१०मध्ये देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर एकगठ्ठा बदलले. नियम ठरवला : उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेला वाढत जाणारे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेला वाढत जाणारे. नातेखिंडीतून, महाड-पोलादपुरातून जाणारा आमचा १७ नंबरचा महामार्ग पश्चिम किनाऱ्यावरचा, तो एका रात्रीत ६६ झाला. नाव बदललं म्हणून फाइलच्या आतलं काही बदलत नाही, हे भाच्यानं मला स्क्रिप्टच्या वेळी समजावलं होतं. ते मला नव्यानं कळलं असं नाही. १७ नंबरवरचे खड्डे ६६ नंबरवर जसेच्या तसे आले होते. पोटरस्त्यांना तीन आकडी नंबर मिळाले, ज्यात मागचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. तेही पुरेनात म्हणून पुढे अक्षरं लागली. महाडहून वरंध घाटानं भोरकडे जाणारा रस्ता आता ९६५ डीडी आहे. पावसाळ्यात दरड कोसळून तो बंद पडतो, तेव्हा माणसं 'वरंध बंद' एवढंच म्हणतात. 'नऊशे पासष्ट डीडी बंद' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आमच्या जिल्ह्याचंही १ जानेवारी १९८१ला असंच झालं. रात्री कुलाब्यात झोपलो, सकाळी रायगडात उठलो. चिंतामणराव १९५२ला लोकसभेवर निवडून गेले ते कुलाबा मतदारसंघातून; आज नकाशात शोधायला गेलात तर त्या नावाचा जिल्हा नाही.

पण या विषयातला खरा उस्ताद म्हणजे तलाठी. १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना लागू झाली, तिथं जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. अख्ख्या गावाच्या जमिनीचं नाव एकदम बदललं. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या की एका नंबराचे हिस्से पडतात : ४७चा ४७/१, त्याचा ४७/१/अ, त्याचा ४७/१/अ/२. चार पिढ्यांचं भांडण एका ओळीत वाचता येतं. आणि तलाठी एमव्हीसारखा पुसून टाकत नाही. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, तिच्यात कुणाचं नाव कधी गेलं, कुणाचं का आलं, सगळं नंबरवार लिहिलेलं. सातबाऱ्यावरचं जुनं नावसुद्धा खोडायचं नाही, त्याला कंस करायचा. 'आमच्या आज्याला कंस झाला,' असं माणसं ज्या दुःखानं सांगतात, तितक्या दुःखानं आज्याच्या मरणाचं सांगत नाहीत. हल्ली कंसावर आडवी रेघ येते, पण नाव खाली वाचता येतं. मी भाच्याला म्हटलं, तुझ्या स्क्रिप्टला फेरफार लिहायला लाव. जुनं नाव काय, नवं काय, एका फाइलीत उतरवून ठेव. उद्या 'आमचा फोटो कुठं गेला' म्हणून कुणी आलं तर उतारा काढून देता येईल. तो म्हणाला, याला लॉग म्हणतात आणि चांगले लोक तो ठेवतातच. एवढ्या वेळात त्यानं मला दिलेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र.

शेवटी क्रम ठरला. कसा ठरला ते मी इतिवृत्तात 'सखोल चर्चेअंती' या दोन शब्दांत बसवलं आहे. भाच्यानं ठरलेल्या क्रमाची यादी केली, स्क्रिप्टला ती यादी वाचायला लावली, एको लावून तालीम घेतली, एको काढला, एन्टर. खरोखरच पापणी लवली नाही. ००१ देव आणि अध्यक्ष, ००२ चिंतामणराव, आणि पुढे आम्ही सगळे ओळीत.

मग ०४७ निघाला हललेला. फोटोतल्या काकांना चार डोळे होते. पाठवणाऱ्यानं दुसरा, बरा फोटो पाठवला, पण त्यात शेजारी मावशीही होती, म्हणजे एकाच्या जागी दोघं. जुना काढला तर जागा रिकामी, नवा शेवटी टाकला तर काका थेट आठशेच्या मागे. हे खजिनदारांना मान्य नव्हतं. काका त्यांचे सासरे. खजिनदारांची उभी नोकरी बँकेत गेलेली. ते म्हणाले, "सोपं आहे. नोटांचं बघा. शंभर नोटांची गड्डी नंबरवार असते. छपाईत एखादी नोट खराब निघाली की पूर्वी त्याच नंबराची दुसरी छापून घालायला लागायची. २००६पासून रिझर्व्ह बँकेनं ती कटकट संपवली. खराब नोटेच्या जागी तारा असलेल्या नंबरची नोट घालतात. नंबरात चांदणी दिसली की समजायचं, ही बदली आलेली. आपल्या गावच्या माणसानं चालवलेली बँक आहे, तिचंच ऐकू. काकांना सत्तेचाळीस तारा द्या."

सभेनं मान डोलावली. चिंतामणरावांचं नाव आल्यावर कोण बोलणार?

भाचा मात्र पांढराफटक पडला. म्हणाला, "मामा, फाइलच्या नावात तारा नको. तारा म्हणजे शेलमध्ये 'सगळे'. उद्या कुणी सत्तेचाळीस तारा पुसायला गेलं तर सत्तेचाळीसनं सुरू होणारे सगळे जातील. आणि चुकून आकडा राहिला नि नुसता तारा पडला, तर देवापासून शेवटपर्यंत कुणी शिल्लक राहणार नाही."

रिझर्व्ह बँकेत ज्याचा अर्थ 'हा एक बदलला' तोच शेलमध्ये 'सगळे आले' असा होतो हे ऐकून खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, बँकेत असं चालत नाही.

मग अध्यक्ष पुढे झाले. "तारा नको तर हिस्सा पाडा. ४७/१ काका, ४७/२ मावशी. सरकारी पद्धत आहे, कुणाला बोलायला जागा नाय."

"तिरकी रेघपण चालत नाही," भाचा म्हणाला. "नावात फक्त तीच एक दिसणारी खूण या यंत्रणेला अजिबात चालत नाही. तिरकी रेघ म्हणजे त्याला वाटतं एका घराच्या आत दुसरं घर. तो सत्तेचाळीस नावाचं घर शोधायला जाईल."

"मग बरोबरच हाय की," अध्यक्ष म्हणाले. "वाटणीत तेच असतं."

पोरानं खूप वेळ काळ्या खिडकीकडे पाहिलं. जुने प्रोग्रामवाले ओळींना नंबर देताना १०, २०, ३० असे दहादहा सोडून द्यायचे, मध्ये कुणी घुसलं तर जागा असावी म्हणून, असं काहीतरी तो पुटपुटला; पण छापणाऱ्याकडे आधीची यादी गेली होती. शेवटी त्यानं आडवी रेघ काढली. आडवी चालते. काका आणि मावशी यांचे दोन निराळे फोटो कापले आणि ०४७-अ, ०४७-ब अशी नावं देऊन यादी ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तो पुण्याला गेला. मी थांबवायला हवं होतं असं घरातल्यांचं म्हणणं आहे.

कारण अ कुणाचा आणि ब कुणाचा, हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. मावशीच्या मुलांचं म्हणणं, आई वयानं मोठी. काकांच्या मुलांचं म्हणणं, मूळ फोटो आमच्याच बापाचा, मावशी नंतर आली. जन्मतारखा काढल्या तर दोघांच्याही १ जून. रविवारी बैठक आहे, मुंबईकर व्हिडिओवर असतील. येताना सातबारा घेऊन या, असं कुणीतरी ग्रुपवर टाकलं आहे.